राखणीचा कुत्रा आणि घरचे अन्न

शेतकऱ्याच्या घरचा कुत्रा हा केवळ शोभेचा प्राणी नव्हे. रात्री तो खळ्याची, गोठ्याची आणि मळ्याची राखण करतो. धनगराच्या वाड्यावर लांडग्यापासून मेंढरे राखण्याचे काम त्याच्याकडे असते. उभ्या पिकात रानडुकरे शिरली, तर त्यांची चाहूल मालकाच्या आधी त्याला लागते. या चाकरीचा मोबदला म्हणून त्याला मिळते ती घरात उरलेली भाकरी आणि तिच्यावर ओतलेले कालवण. मालक देईल ते तो विश्वासाने खातो. त्यामुळे 'जे माणसाला चालते ते कुत्र्याला चालते' अशी समजूत पिढ्यान् पिढ्या रूढ झालेली आहे.

ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे, आणि म्हणूनच ती फसवी ठरते. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, अंडी, शिजवलेले मांस हे पदार्थ कुत्र्याला मानवतात. परंतु माणसाला पोषक असलेले काही मोजके पदार्थ कुत्र्याच्या शरीरात विषासारखे काम करतात. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चिंच ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. हे दूरदेशीचे पदार्थ नसून महाराष्ट्राच्या शेतात पिकणारे आणि रोजच्या स्वयंपाकात लागणारे जिन्नस आहेत. सबब या विषयाची माहिती शेतकऱ्यास आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

विष कोणी घातले?

द्राक्षाच्या हंगामातील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. बेदाण्याच्या शेडवर राखणीला ठेवलेला कुत्रा संध्याकाळपर्यंत चांगला हिंडता-फिरता असतो. जाळ्यांखाली सांडलेले बेदाणे त्याने दिवसभर वेचून खाल्लेले असतात. ते गोड असतात आणि त्याला कोणी हटकत नाही. रात्री त्याला दोन-तीन वेळा वांती होते. सकाळी तो भाकरीला तोंड लावत नाही. दिवस उन्हाळ्याचे, ऊन लागले असेल असे समजून मालक त्याला सावलीत बांधतो. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी कमी होते, तिसऱ्या दिवशी तो उठत नाही, आणि पुढे एक-दोन दिवसांत मरतो. घरातील माणसे म्हणू लागतात, "कोणी तरी विष घातले." बांधावरून आधीच धुसफुस असलेल्या शेजाऱ्यावर संशय जातो आणि एका मुक्या जनावराच्या मृत्यूतून दोन घरांत वैर उभे राहते. वास्तविक विष कोणी घातलेले नसते. ते जाळीखाली पडलेले असते.

खरे कारण ध्यानात न येण्याचे मूळ विलंबात आहे. अनेक कीटकनाशके पोटात गेली, तर कुत्रा काही मिनिटांत वा तासांत लाळ गाळू लागतो, थरथरतो व तडफडतो. बेदाण्याचा किंवा कांद्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास मात्र दिवस लागतात. तोवर त्याने काय खाल्ले होते, हे कोणाच्या आठवणीत राहत नाही.

द्राक्षे, बेदाणे आणि चिंच

द्राक्षे कुत्र्याला घातक ठरू शकतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही अलीकडेच कळली. अमेरिकेतील एका प्राणी-विषबाधा केंद्राकडे आलेल्या नोंदी तपासताना, द्राक्षे किंवा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे तेथील पशुवैद्यांच्या ध्यानात आले. २००१ साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. तथापि, द्राक्षातील नेमका कोणता घटक अपाय करतो, हे पुढे वीस वर्षे उलगडले नव्हते.

२०२१ साली त्याच केंद्रातील पशुवैद्यांनी या कोड्याचे एक पटणारे उत्तर मांडले. केक इत्यादी पदार्थांत वापरली जाणारी क्रीम ऑफ टार्टर नावाची पांढरी भुकटी पोटात गेलेल्या कुत्र्यास द्राक्षासारखीच बाधा झाल्याचे आढळले होते. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाची तीच विकृती दिसली. द्राक्ष, चिंच आणि ती भुकटी या तिन्हींत समान असलेला घटक म्हणजे टार्टारिक आम्ल व त्याचे क्षार होत. बहुतेक फळांचा आंबटपणा सायट्रिक किंवा मॅलिक आम्लामुळे असतो. टार्टारिक आम्लाचा मोठा साठा असलेली फळे थोडी, आणि त्यांत द्राक्ष व चिंच ही दोन्ही येतात. माणसाचे मूत्रपिंड हे आम्ल बाहेर टाकू शकते. कुत्र्याच्या मूत्रपिंडास ते नीट साधत नाही आणि त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरू लागतात, असे आतापर्यंतच्या अभ्यासावरून दिसते.

किती खाल्ल्याने अपाय होतो? शरीराच्या वजनाच्या दर किलोस सुमारे ३ ग्रॅम बेदाणे किंवा सुमारे २० ग्रॅम द्राक्षे इतक्या अल्प प्रमाणातही बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडील मध्यम बांध्याच्या कुत्र्याचे वजन १५ किलो धरले, तर हे प्रमाण मूठभर बेदाणे किंवा द्राक्षांचा एक लहानसा घड एवढेच भरते. सुमारे ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा तयार होतो. सुकताना पाणी उडून जाते, आम्ल मागे राहते. म्हणून द्राक्षापेक्षा बेदाणा अधिक धोक्याचा समजावा. त्याचप्रमाणे, कच्च्या मण्यांत आम्लाचे प्रमाण अधिक असल्यामुळे घडांच्या विरळणीत काढलेले मणी कुत्र्याच्या वाटेत पडू देऊ नयेत.

यावर काही बागायतदार म्हणतील की, आमचा कुत्रा दर हंगामात द्राक्षे खातो आणि त्याला काहीही होत नाही. हे म्हणणे खोटे नसते. द्राक्षाची जात, पक्वता आणि हवामान यांप्रमाणे आम्लाचे प्रमाण बदलते, आणि सर्व कुत्र्यांची सहनशक्तीही सारखी नसते. परंतु एका हंगामात जे पचले ते दुसऱ्या हंगामात पचेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जेथे सुरक्षित मात्रा ठरविता येत नाही, तेथे एकही दाणा न देणे हाच शहाणपणाचा नियम होय.

तासगाव, पंढरपूर किंवा नाशिक भागांत जेथे बेदाण्याच्या शेड आहेत, तेथे हा नियम पाळणे कठीण नाही. जाळ्यांखालील झाडणूक रोज संध्याकाळी गोळा करून झाकणाच्या पिंपात टाकावी. शेडच्या भोवती कमरेइतकी जाळी लावावी आणि कुत्र्याला राखणीसाठी जाळीबाहेर बांधावे. चिंचा फोडण्याच्या दिवसांत अंगणात वाळत घातलेली चिंच व मीठ लावून केलेले गोळे त्याच्या तोंडी लागणार नाहीत, अशा उंचीवर ठेवावेत. नशा उतरविण्यासाठी माणसाला चिंचेचे पाणी पाजण्याची चाल काही ठिकाणी आहे. विषबाधा झालेल्या कुत्र्यावर हा उपाय कदापि करू नये.

कांदा व लसूण

कांद्याची गोष्ट थोडी निराळी आहे. कच्चा कांदा कुत्रा सहसा आपण होऊन खात नाही. तो त्याच्या पोटात जातो कालवणातून. कोरडी भाकरी टाकणाऱ्या घरापेक्षा, भाकरीवर मटणाचा रस्सा, झुणका किंवा उरलेली कांदाभजी मायेने घालणाऱ्या घरात हा धोका अधिक असतो. येथे अपाय दुर्लक्षाने नव्हे, तर ममतेने होतो.

कांदा, कांद्याची पात आणि लसूण यांत गंधकयुक्त संयुगे असतात. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, तेही अशाच एका संयुगामुळे. ही संयुगे कुत्र्याच्या रक्तात गेली की तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य बिघडते व त्याच्या बारीक गाठी पेशींत तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या गाठींना हाइन्झ कण म्हणतात. अशा पेशी फुटतात किंवा प्लीहा त्यांना रक्तातून काढून टाकते. पेशी नष्ट होण्याचा वेग नव्या पेशी तयार होण्याच्या वेगाहून वाढला की रक्तक्षय होतो.

शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेल्यास बाधा होते, असे आढळून आले आहे. १५ किलोच्या कुत्र्यास हे प्रमाण सुमारे ७५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा इतकेच होते. थोडा थोडा कांदा रोज पोटात गेला, तरीही पेशींचा नाश चालू राहतो. कांदा शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने त्याचा हा दोष नाहीसा होत नाही. सातारा, सांगली व कोल्हापूर भागांतील घरोघरी वापरला जाणारा कांदा-लसूण मसाला हा तर वाळवलेल्या कांद्याचा व लसणाचा दाट संचय होय. त्या मसाल्यातील कालवणात पाणी घालून ते 'सौम्य' केले, तरी त्यातील कांदा कमी होत नाही. घरातील मांजर याबाबतीत कुत्र्याहूनही नाजूक आहे. दर किलो वजनास ५ ग्रॅम इतका कांदाही तिला बाधतो.

बाधेची चिन्हे बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतात. कुत्रा सुस्त होतो, थोड्या चालीने धापा टाकतो, हिरड्या व डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू फिकट पडते किंवा पिवळसर दिसते. लघवीचा रंग तांबूस अथवा चहासारखा होतो. हीच चिन्हे गोचिडांपासून होणाऱ्या तापातही आढळतात. म्हणून निदानाचे काम पशुवैद्यकावर सोपवावे. मात्र कुत्र्याने गेल्या आठवड्यात काय खाल्ले, हे त्यांना अवश्य सांगावे.

याच ठिकाणी गुरांविषयीही एक इशारा देणे इष्ट आहे. कांद्याचा भाव कोसळला, की चाळीतील सडका व कोंब आलेला कांदा गुरांपुढे टाकला जातो. कांद्याच्या बाबतीत शेळ्या-मेंढ्या बऱ्यापैकी काटक आहेत, परंतु गायी-बैल लवकर बाधतात व त्यांनाही असाच रक्तक्षय होतो. ढीगभर कांदा एकदम गव्हाणीत टाकणे टाळावे. चाऱ्यात तो मिसळायचाच असेल, तर अल्प प्रमाणात व पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच मिसळावा.

बुरसलेले अन्न

वर सांगितलेले धोके पदार्थांच्या मूळ गुणांचे होत. आणखी एक धोका पदार्थाच्या अवस्थेचा आहे. माणसाने खाऊ नये व गुरानेही खाऊ नये असे झालेले अन्न कुत्र्यापुढे टाकण्याची सवय अनेक घरांत असते. बुरशी चढलेली भाकरी, भिजून काळे पडलेले मक्याचे दाणे, किडके शेंगदाणे यांची रवानगी त्याच्या थाळीत होते. ओलसर मक्यावर व भुईमुगावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. ते यकृताचा नाश करते. भाजल्याने वा शिजवल्याने ते पुरते जात नाही. या विषाला लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत कुत्र्याची गणना होते.

याचा दारुण अनुभव भारतात आलेला आहे. १९७४ साली राजस्थान आणि गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत काविळीची साथ उद्भवली. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस पडून मका भिजला होता, आणि त्यावर बुरशी चढली होती. तोच मका खाण्यावाचून लोकांना गत्यंतर नव्हते. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच खेड्यांत त्याच सुमारास कुत्रीही पोटात पाणी होऊन व कावीळ होऊन मरत होती. मालक आणि कुत्रा एकाच कणगीतील धान्य खात होते.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. घरातील कुत्र्यास अकस्मात कावीळ झाली, तर केवळ कुत्र्याकडे न पाहता घरातील धान्याकडेही पाहावे. कित्येकदा तो इशारा माणसांसाठी असतो. बुरसलेले धान्य कुत्र्यालाही न घालता खड्ड्यात पुरावे.

बाजारातून घरात येणारे पदार्थ

आता खेड्यातील दुकानांतही चॉकलेट, कोको व बिनसाखरेच्या गोळ्या मिळतात. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. माणसाच्या शरीरातून ते लवकर निघून जाते. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते निम्मे होण्यास सुमारे १७ ते १८ तास लागतात. त्यामुळे ओकारी, अस्वस्थता, छातीचे जलद ठोके व शेवटी झटके अशी लक्षणे दिसतात. दुधाच्या चॉकलेटपेक्षा काळे कडू चॉकलेट व त्याहून कोकोची भुकटी अधिक घातक असते. चहाची पूड व कॉफी यांतील कॅफिनचा परिणामही असाच होतो. चहाचा चोथा उकिरड्यावर उघडा टाकण्याऐवजी झाडाच्या आळ्यात मातीआड करावा.

झायलिटॉल ही गोडी आणणारी वस्तू साखर नसलेल्या काही च्युइंगगममध्ये, गोळ्यांत व दात घासण्याच्या काही पेस्टमध्ये असते. माणसाच्या रक्तातील साखर ती फारशी हलवीत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र तिच्यामुळे इन्शुलिन एकदम स्रवते आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दर किलो वजनास एक दशांश ग्रॅम एवढीशी मात्राही त्यास पुरेशी होते. तिचे प्रमाण वाढल्यास यकृत निकामी होते. मधुमेही माणसासाठी आणलेली गोड वस्तू कुत्र्याला कौतुकाने देण्यापूर्वी वेष्टनावरील नावे वाचावीत.

बाधा झाल्यास काय करावे

१. कुत्र्याने यांपैकी काही खाल्ल्याचे दिसताच, लक्षणांची वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पहिले दोन तास मोलाचे असतात. या मुदतीत पशुवैद्यक औषधाने वांती करवून बराचसा अपाय टाळू शकतात.

२. उशीर झाला म्हणून आशा सोडू नये. द्राक्षे-बेदाण्यांच्या बाधेत शिरेवाटे सलाइन देऊन मूत्रपिंडाचे काम चालू ठेवता येते. लघवी पूर्ण बंद पडण्यापूर्वी उपचार सुरू झाले, तर कुत्रा वाचण्याचा संभव पुष्कळ असतो.

३. वांती व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये. मिठाचे अतिरिक्त प्रमाण स्वतःच कुत्र्याच्या मेंदूस अपाय करते. तेल, चुन्याची निवळी किंवा चिंचेचे पाणीही देऊ नये. बेशुद्ध वा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घालू नये.

४. माणसांसाठी घरात असलेल्या ताप-दुखीच्या गोळ्या कुत्र्यास देऊ नयेत. त्यांतील कित्येक त्याला विषारी असतात.

५. काय खाल्ले, अदमासे किती व केव्हा खाल्ले, आणि कुत्र्याचे वजन किती, या चार गोष्टी पशुवैद्यकास सांगाव्यात. वेष्टन किंवा ओकलेल्या पदार्थाचा नमुना हाती असल्यास सोबत न्यावा.

थाळी वेगळी, खर्च नाही

वरील माहिती वाचून कुत्र्यासाठी बाजारातून महागडे खाद्य आणावे लागेल, असा समज करून घेण्याचे कारण नाही. करावयाचे ते इतकेच की, त्याचा वाटा फोडणी पडण्याआधी काढावा. वरण-भातातील बिनफोडणीचे वरण, मटण शिजवताना कांदा-मसाला घालण्यापूर्वी काढलेले चार तुकडे, उकडलेले अंडे, भाकरी व मुबलक स्वच्छ पाणी एवढ्यावर राखणीचा कुत्रा धडधाकट राहतो. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात. घरातील गृहिणीला ही गोष्ट एकदा पटली, की निम्मे काम झाले असे समजावे, कारण कुत्र्याची थाळी बहुधा त्यांच्याच हातची असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने द्राक्षाच्या व कांद्याच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटे या विषयास द्यावीत. सांगण्याजोगी नावे मोजकीच आहेत: कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चिंच, चॉकलेट, बिनसाखरेची गोळी आणि बुरसलेले धान्य. ही आठ नावे शाळेच्या फळ्यावर लिहिली, तर ती मुलांबरोबर घरोघर पोहोचतील.

आणि ज्या गावात एखाद्याचा कुत्रा अचानक दगावेल, तेथे कार्यकर्त्याने आणखी एक काम करावे. शेजाऱ्याचे नाव कोणी घेण्यापूर्वी, गेल्या आठ दिवसांत त्या कुत्र्याच्या थाळीत आणि शेडच्या जाळीखाली काय पडले होते, याची शांतपणे चौकशी करावी. शंका राहिल्यास पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे. विष खरोखरच घातले गेले असेल, तर तेही त्यातून उघड होईल. नसेल, तर गेलेला कुत्रा परत येणार नाही. परंतु शेजाऱ्याशी वैर होणार नाही, आणि उद्या त्याच शेडवर बांधला जाणारा दुसरा कुत्रा वाचेल.